सप्लाय काढताच मीटर शून्यावर: दोन पत्र्यांच्या कपॅसिटरचं प्रकरण

अॅल्युमिनियमचे दोन सपाट पत्रे, प्रत्येकी २० सेंटिमीटर लांब आणि तेवढेच रुंद. एक टेबलावर ठेवलेला. त्याच्या चार कोपऱ्यांवर १ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे बारीक तुकडे आणि त्यांच्यावर दुसरा पत्रा. मध्ये फक्त हवा. शिकायला यापेक्षा सोपा कपॅसिटर, म्हणजे विद्युत प्रभार धरून ठेवणारी रचना, नाही. १२ व्होल्टचा डीसी सप्लाय जोडला, डिजिटल मल्टिमीटरचे प्रोब दोन्ही पत्र्यांना लावले, मीटरने १२.० दाखवले. प्रोब तसेच ठेवून सप्लायची एक वायर काढली. मीटर ०.०० वर.

प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वहीत निष्कर्ष लिहिला: हवेच्या कपॅसिटरमध्ये प्रभार टिकत नाही, फट इतकी अरुंद असते की तो हवेतून लगेच गळून जातो.

निष्कर्ष चुकीचा असला तरी निरीक्षण खरं होतं. म्हणूनच तो खोडून त्या जागी पुस्तकातलं वाक्य लिहून देण्यात मला अर्थ वाटला नाही. त्या एका शून्यामागे कपॅसिटरबद्दलचे जवळजवळ सगळे गैरसमज एकत्र बसलेले आहेत, आणि ते एकेक करून सोडवता येतात. शिकवताना मला याहून चांगलं प्रकरण मिळालेलं नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

पत्र्यांवर होतं तरी किती?

सुरुवात आकडेमोडीपासून. समांतर प्लेटांची धारकता, म्हणजे दर व्होल्टमागे किती प्रभार बसतो ते माप, काढायला प्लेटचं क्षेत्रफळ दोन प्लेटांमधल्या अंतराने भागायचं आणि निर्वात पोकळीच्या पारगम्यतेने (permittivity), म्हणजे मीटरला ८.८५ पिकोफॅरडने, गुणायचं. हवेसाठी हाच आकडा चालतो. क्षेत्रफळ ०.०४ चौरस मीटर, अंतर ०.००१ मीटर. उत्तर येतं सुमारे ३५४ पिकोफॅरड. कागदाच्या वहीएवढे पत्रे घेऊन हाताशी आलेली धारकता नखाएवढ्या सिरॅमिक कपॅसिटरपेक्षाही कमी असू शकते, हे विद्यार्थ्यांना इथेच पहिल्यांदा जाणवतं.

१२ व्होल्टला या कपॅसिटरवर प्रभार बसतो ४.२५ नॅनोकूलोंब. इलेक्ट्रॉनांच्या भाषेत साधारण २,६५० कोटी. ऐकायला प्रचंड, पण पत्र्याच्या मानाने पाहा. २० सेंटिमीटर चौरसाच्या पृष्ठभागावर अॅल्युमिनियमचे अणूच इतके असतात की पावणेदोन ते दोन कोटी अणूंमागे एक जादा इलेक्ट्रॉन पडतो. समोरच्या पत्र्यावर त्याच प्रमाणात एकेक कमी. दोन्ही पत्र्यांचा मिळून हिशेब शून्य. सप्लायने बाहेरून काही आणून भरलेलं नाही. एका पत्र्यावरचे इलेक्ट्रॉन काढून दुसऱ्यावर नेऊन ठेवले आहेत. बादलीत पाणी भरावं तसा कपॅसिटर ‘भरतो’, ही उपमा मला म्हणूनच खटकते. बादलीला समोर रिकामी होणारी जोडीदार बादली नसते.

आता मीटर. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा डीसी व्होल्टवरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो. एरवी हा आकडा इतका मोठा वाटतो की आपण मीटरला सर्किटबाहेरचा प्रेक्षक मानतो. पण सप्लाय काढल्यावर पत्र्यांवरच्या प्रभाराला घरी जायला एकच वाट उरते, ती मीटरमधून. त्या वाटेवर किती वेळ लागेल? रोध गुणिले धारकता: १० मेगाओहम गुणिले ३५४ पिकोफॅरड, म्हणजे सुमारे ३.५ मिलिसेकंद. एवढ्या वेळात (याला कालस्थिरांक म्हणतात) व्होल्टेज ३७ टक्क्यांवर येतं, पाचपट वेळात, म्हणजे १८ मिलिसेकंदांत, १ टक्क्याच्याही खाली. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. पुढचा आकडा दिसेपर्यंत सगळं उरकलेलं असतं.

म्हणजे गळती झाली हे खरं, फक्त ती हवेतून झाली नाही. जी वस्तू मोजायला लावली होती तिनेच कपॅसिटर रिकामा केला.

पण हे कागदावरचं उत्तर झालं. हवेतून गळती होते, हा विद्यार्थ्यांचा दावा तपासण्याजोगा आहे, तर तो तपासलाच पाहिजे. त्यासाठी मीटरच्या जागी डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर रेषेने दाखवणारं उपकरण, घेतला, १० पट (10x) प्रोबसह. त्याचाही रोध १० मेगाओहमच असतो, पण तो मिलिसेकंदांचे तुकडे करून दाखवतो. पत्रे चार्ज केले, सप्लाय काढला आणि प्रोब लावलाच नाही. अर्धा मिनिट नुसतं थांबायचं. हवा प्रभार खात असेल तर तिला भरपूर वेळ दिला. मग प्रोबचं टोक वरच्या पत्र्याला टेकवायचं.

पडद्यावरची रेषा ताडकन सरळ वर उठली आणि तिथून वाकत वाकत खाली आली. सुरुवातीची उंची १२ व्होल्टच्या किंचित खाली. प्रोबच्या टोकाची स्वतःची धारकता १५ पिकोफॅरडच्या आसपास असते, त्यामुळे टेकवताक्षणी पत्र्यावरच्या प्रभारातला थोडा वाटा प्रोबला जातो आणि ११.५ व्होल्ट उरतात. हा हिशेब रेषेच्या टोकाशी जुळतो. उताराचा कालस्थिरांकही साडेतीन मिलिसेकंदांच्या जवळपास. अर्ध्या मिनिटात हवेने घेतलेलं डोळ्यांना दिसण्याइतकंही नव्हतं. दिवस दमट असेल किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर बोटांचा घाम असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुकड्यांच्या पृष्ठभागावरून हळूहळू गळती होते आणि उंची कमी भरते. स्पिरिटने तुकडे पुसले की पुन्हा सुधारते. तुकड्यांचा मिळून रोध एक लाख कोटी ओहम धरला, तरी कालस्थिरांक सहा मिनिटांच्या आतच येतो. इतक्या लहान धारकतेसोबत काम करताना स्वच्छतेला आकड्याइतकंच महत्त्व आहे.

चार्ज होताना काय घडतं

शून्याचं कोडं सुटलं तरी एक प्रश्न उरला आणि तो एका विद्यार्थिनीने अगदी नेमका विचारला: मध्ये हवा आहे, तिच्यातून इलेक्ट्रॉन जात नाहीत, मग दोन्ही बाजूंच्या वायरमध्ये एकाच वेळी सारखाच करंट कसा?

यासाठी सप्लाय आणि पत्रा यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रोधक लावला. त्याशिवाय काही पाहता येत नाही. नुसत्या वायरचा अर्धा ओहम धरला तर कालस्थिरांक नॅनोसेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून कमी येतो. प्रकाशालाच १ मीटर वायरलगत जायला ३.३ नॅनोसेकंद लागतात. तेव्हा त्या टप्प्यावर रोध गुणिले धारकता हे सूत्र वापरणंच गैर. तिथे वायरीची लांबी आणि इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला वायरीचा विरोध) बोलतात. रोधकासह कालस्थिरांक ०.३५ मिलिसेकंद होतो आणि वक्र नीट दिसतो.

स्विच दाबला त्या क्षणी पत्र्यांमध्ये विभवांतर (व्होल्टेज) शून्य. संपूर्ण १२ व्होल्ट रोधकावर, करंट १२ मायक्रोअँपिअर. इलेक्ट्रॉन एका पत्र्यावर जमायला लागतात, दुसऱ्यावरून निघून जायला लागतात, पत्र्यांमध्ये विरोधी व्होल्टेज उभं राहतं, रोधकाच्या वाट्याला कमी उरतं, करंट घटतो. घटत्या करंटमुळे पुढची वाढ आणखी मंद. एका कालस्थिरांकात अंतिम व्होल्टेजच्या ६३ टक्के, दोनात ८६, तिनात ९५, पाचात ९९ टक्क्यांच्या वर. घातांकी वक्राचं मूळ इतकंच आहे: वाढीचा वेग नेहमी ‘अजून किती बाकी’ याच्या प्रमाणात.

या वेळी पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसली. वक्र १२ व्होल्टवर थांबलाच नाही, १०.९ वर सपाट झाला. पुन्हा प्रोब! १ मेगाओहम रोधक आणि १० मेगाओहम प्रोब मिळून व्होल्टेज विभागतात, अकरातले दहा भाग पत्र्यांवर येतात. पहिल्या कोड्याचं उत्तर नुसतं पाठ केलेल्यांना हे दुसरं सुटलं नाही. ज्यांनी ‘वाट कुठे आहे’ असं विचारायची सवय लावून घेतली होती त्यांनी मिनिटात सोडवलं.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. इलेक्ट्रॉन वायरमधून धावत येऊन पत्र्यावर गर्दी करतात असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. प्रत्यक्षात हालचाल किती होते पाहा. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या वायरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके दाट असतात की २,६५० कोटी इलेक्ट्रॉन पत्र्यावर सारायला वायरमधल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांनी सरासरी ०.३ पिकोमीटर सरकणं पुरेसं होतं. तांब्याच्या अणूचा व्यास याच्या शेकडो पट आहे. म्हणजे सप्लायपासून निघालेला इलेक्ट्रॉन पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. संपूर्ण रांग अणूच्या शेकडाव्या भागाहूनही कमी पुढे सरकते आणि कपॅसिटर चार्ज झालेला असतो. रांग एकदम सरकते, कारण वायरच्या कडेने विद्युतक्षेत्र प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने पसरतं.

पत्र्यापाशी रांग थांबते. एका पत्र्यावर आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन समोरच्या पत्र्यावरच्या एकाला आपल्या क्षेत्राने दूर लोटतो, आणि तो त्या बाजूच्या वायरमध्ये सरकतो. दोन्ही बाजूंच्या वायरमध्ये अँमीटर लावले तर ते सारखाच आकडा दाखवतात ते यामुळे. फटीतून कण जात नाही, पण तिथलं क्षेत्र वाढत असतं, आणि त्या वाढीचा हिशेब करंटशी काटेकोर जुळतो. सुरुवातीला १२ मायक्रोअँपिअर असताना व्होल्टेज सेकंदाला सुमारे ३४,००० व्होल्ट या वेगाने चढतं. १ मिलिमीटर फटीत म्हणजे क्षेत्र सेकंदाला मीटरमागे ३ कोटी ४० लाख व्होल्ट या वेगाने. त्याला पारगम्यतेने आणि क्षेत्रफळाने गुणा: पुन्हा १२ मायक्रोअँपिअर. बदलत्या क्षेत्राला करंटचा दर्जा देण्याची ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६१-६२ च्या लेखनात मांडली. रेडिओ लहरींपर्यंतचा रस्ता तिथून निघाला. टेबलावरच्या दोन पत्र्यांत ती कल्पना आकड्यांनिशी पडताळता येते, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

ऊर्जेबद्दल थोडक्यात. चार्जिंग पूर्ण होईपर्यंत सप्लायने ५१ नॅनोज्यूल दिले, कपॅसिटरमध्ये साठले २५.५. बाकीचे अर्धे रोधकात उष्णता झाले. रोधक १ मेगाओहमचा असो वा १ किलोओहमचा, अर्धे जाणारच. सप्लायचं व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं तर मात्र हा तोटा हवा तेवढा कमी करता येतो.

फटीतलं क्षेत्र

१२ व्होल्ट, १ मिलिमीटर; म्हणून विद्युतक्षेत्र मीटरमागे १२,००० व्होल्ट. हवा फुटून ठिणगी पडायला अंदाजे ३० लाख लागतात, म्हणजे आपण अडीचशे पट खाली आहोत. हवेतून गळून गेलं, या निष्कर्षाला इथेही आधार नाही.

बऱ्याच वह्यांत क्षेत्र प्लेटांजवळ जोरकस आणि मधोमध क्षीण काढलेलं असतं. बिंदुप्रभाराच्या धड्याची ती सावली आहे. एका बिंदूपासून लांब गेलं की क्षेत्र घटतं. पण पसरट पत्र्यापासून थोडं लांब गेलं तर जवळच्या प्रभाराचा जोर कमी होतो आणि तिरकस बाजूंचा अधिक प्रभार सरळ रेषेत जोर लावू लागतो, आणि दोन्ही एकमेकांची भरपाई करतात. प्रत्येक पत्र्याचं क्षेत्र ६,०००. मध्ये दोघांची दिशा एक, म्हणून १२,०००. बाहेर दिशा विरुद्ध, म्हणून जवळजवळ शून्य. कडेशी मात्र ते कापल्यासारखं संपत नाही, बाहेर फुगतं. अचानक संपलं असतं तर एखादा प्रभार आतून नेऊन बाहेरून परत आणत फुकट ऊर्जा कमावता आली असती, आणि स्थिर प्रभारांच्या क्षेत्रात ते शक्य नाही. आपल्या कपॅसिटरमध्ये फट बाजूच्या दोनशेव्या हिश्शाएवढी असल्याने या फुगवट्याने धारकता जेमतेम दोन टक्के वाढते.

एका पत्र्यावरचं बल काढताना ६,००० घ्यायचे की १२,०००, इथे परीक्षेत हमखास गोंधळ होतो. पत्रा स्वतःच्या क्षेत्राने स्वतःला ओढत नाही, म्हणून समोरच्याचे ६,००० तेवढे घ्यायचे. बल येतं २५.५ मायक्रोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच मिलिग्रॅम वजनाएवढं. हातांना जाणवणार नाही, पण पुढच्या भागात सगळा हिशेब याच बलावर उभा आहे.

पत्रे दूर नेले तर

शेवटचा प्रयोग असा. खालचा पत्रा सप्लायच्या ऋण टोकाला आणि स्कोपच्या ग्राउंडला. वरच्या पत्र्याला मधोमध प्लॅस्टिकची मूठ चिकटवलेली. १२ व्होल्टला चार्ज करून सप्लाय काढला. मग मूठ धरून वरचा पत्रा १ सेंटिमीटरपर्यंत उचलला आणि तेव्हा प्रोब टेकवला.

आधी सगळ्यांना अंदाज लिहायला सांगितलं. बहुतेकांनी व्होल्टेज कमी होईल असं लिहिलं, कारण अंतर वाढलं की परिणाम क्षीण होतो असं मनात बसलेलं असतं. सप्लाय जोडलेला असता तर व्होल्टेज १२ वरच राहिलं असतं, क्षेत्र दहावा हिस्सा झालं असतं आणि प्रभार सप्लायकडे परत गेला असता. पण इथे प्रभाराला वाट नाही. प्रभार तोच, म्हणून क्षेत्रही तेच १२,०००, आणि दहापट अंतरावर व्होल्टेज दहापट: आदर्श हिशेबाने १२० व्होल्ट. ऊर्जाही २५.५ वरून २५५ नॅनोज्यूल. वाढीव २२९.५ नॅनोज्यूल उचलणाऱ्या हाताने दिले: २५.५ मायक्रोन्यूटन बल, ९ मिलिमीटर अंतर, गुणाकार करून पाहा. क्षेत्राची तीव्रता बदलली नाही, क्षेत्र व्यापलेली जागा दसपट झाली. ऊर्जा पत्र्यांमधल्या जागेत आहे, या विधानाला मी यापेक्षा ठोस आधार दाखवू शकत नाही.

हीच युक्ती इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने वापरली होती. १७८२ मध्ये त्याने पातळ विद्युतरोधक थर देऊन जवळ ठेवलेल्या प्लेटा दुबळ्या स्रोताने चार्ज करून मग विलग करण्याची पद्धत मांडली, म्हणजे एरवी जाणवणारच नाही इतकी क्षीण वीजही इलेक्ट्रोस्कोपवर, म्हणजे प्रभार ओळखणाऱ्या साधनावर, दिसू लागते. अॅम्प्लिफायर नव्हता, हाताची मेहनतच त्या जागी होती.

पडद्यावर मात्र १२० दिसले नाहीत. रेषेचं टोक सत्तरीच्या आसपास राहिलं. प्रयोग फसला, असं एकाने म्हटलंही. पण १ सेंटिमीटरवर पत्र्यांची धारकता उरते अवघी ३५ पिकोफॅरड, आणि आता आधी क्षुल्लक असलेली प्रत्येक गोष्ट हिस्सा मागते. प्रोबचे १५. कडेच्या फुगवट्याचे पाच-सहा, कारण फट आता बाजूच्या विसाव्या हिश्शाएवढी झाली. मुठीवरच्या हाताचे काही. ४.२५ नॅनोकूलोंब भागिले साठाच्या जवळपास पिकोफॅरड, उत्तर सत्तर-बाहत्तर व्होल्ट. विद्यार्थ्यांनी यातला हाताचा वाटा वेगळा काढायचं ठरवलं आणि मुठीच्या जागी लांब प्लॅस्टिकची दांडी लावली. हात जितका लांब, तितकं रेषेचं टोक काही व्होल्टनी वर सरकलं.